भिंगरीच्या पट्टीवरचा पिवळा तुकडा

माझी सून शिवणकाम करते. दुकानात नवे कपडे क्वचितच. माणूस सुटलं की उसवायचं, रोडावलं की आवळायचं, हा तिचा धंदा. जीभ फटकळ, पण हात असा की टाका शोधून सापडायचा नाही. मी तिचं कौतुक सुरू केलं की घरातले एकेक करून उठून जातात. तुम्ही बसा.

तिच्या मुलीला, माझ्या नातीला, आम्ही भिंगरी म्हणतो. ती स्वमग्न आहे. बोलते थोडं, ऐकते फार. शाळेत एक तास संपून दुसरा लागला की ती खुर्ची ढकलायची, स्वतःचंच मनगट चावायची. एकदा खुर्ची शेजारच्या मुलीच्या पायावर पडली, तेव्हा मोठ्या बाईंनी सुनेला बोलावून सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर तिला घरी ठेवावं लागेल."

माझी बायको म्हणाली, "लाडावलीय, दुसरं काय."

"आई, लाडानं कुणी स्वतःला चावतं का?" असं म्हणून सून थेट वर्गात गेली आणि मागच्या बाकावर बसून राहिली. तिच्या आणि वर्गाच्या बाईंच्या ध्यानात आलं, की पोर अभ्यासाला कंटाळत नाही. पुढे काय येणार ते कळत नाही म्हणून घाबरते.

मग सुनेनं जाड कापडाची पट्टी शिवली, तिच्यावर ओळीनं बटणं लावली. बाईंनी कापडाच्या तुकड्यांवर चित्रं काढली: वाचन, गणित, डबा, मैदान. सुनेनं त्यांना काजं केली, म्हणजे दिवसाच्या क्रमानं ती बटणांवर लावता येतील. एक काम झालं की भिंगरीनं त्याचं चित्र सोडवून खालच्या खिशात टाकायचं. बटणं सोडवायची तिला भारी हौस. खुर्च्या जागेवर राहू लागल्या.

एक दिवस चित्रकलेचे सर आले नाहीत. बाईंनी पट्टीवरचं त्या तासाचं चित्र गुपचूप सोडवून गणिताचं लावलं. झालं. खुर्ची, दप्तर, बाईंचा चष्मा, सगळं जमिनीवर.

बाई रडवेल्या झाल्या. सून म्हणाली, "चूक माझी. सगळ्याला चित्र केलं, बदलालाच नाही केलं."

तिनं एक पिवळा तुकडा केला. पिवळा लागला की ठरलेलं बदललं. पण तो लगेच शाळेत धाडला नाही. आधी घरी तालीम, तीही गोड बदलांची: पसारा आवरायच्या जागी पिवळा, आणि मग साबणाचे फुगे. पुढे पुढे बदल बेचव होत गेले. एकदा तर माझ्याच पेपरवर पिवळा तुकडा आला.

"हे गं काय?"

"बदल, बाबा. पेपर नंतर, आधी भाजी निवडा."

"आणि मी खुर्ची ढकलली तर?"

"ढकला की. उचलायची पण तुम्हीच."

भिंगरी खुदकन हसली. मी मुकाट्यानं भाजी निवडली.

महिनाअखेरीला मोठ्या बाई वर्गात येऊन बसल्या. त्याच दिवशी वर्गातला नळ फुटला आणि सगळ्यांना शेजारच्या खोलीत हलायची वेळ आली. पुढचं वर्गाच्या बाईंनी दुकानात येऊन सांगितलं. मी तिथेच बसलो होतो.

"मी पिवळा लावला. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. मी घाई केली नाही. बऱ्याच वेळानं तिनं हात सोडला, पट्टी गळ्यात अडकवली आणि रांगेत येऊन उभी राहिली. मोठ्या बाई म्हणाल्या, घरी ठेवायचा विषय संपला."

सुनेनं तोंडात धरलेल्या टाचण्या एकेक काढून टेबलावर ठेवल्या. "बरं," एवढंच म्हणाली. मग बराच वेळ तिनं मशीनला पाय लावला नाही.