वस्तादाची पावडर

आमच्या गंगाखेडच्या तालमीत वस्तादानं दिलेला खुराक कुणी विचारून खात न्हाई. हातावर ठेवला की गिळायचा. मीबी गिळला, आन त्याचा राग अजून गेला न्हाई.

माझं वजन सत्तावन्न किलो. वस्तादाची लेकबी त्याच वजनात, आन जिल्ह्यातून एकीचीच निवड व्हायची. म्हणून गोड बोलून मला म्हणाला, "बाई, तू त्रेपन्नात खेळ. राज्याला हमखास जाशील." बिनलेबलाची पावडर दिली, चरबी जाळायची म्हणून. भाकरी बंद, मीठ बंद, शेवटचे दोन दिवस पाणीबी बंद. रेनकोट घालून उसाच्या कडंकडंनं पळायचे. आई ताट घेऊन मागं फिरायची, तर मी तिच्यावरच खेकसायचे.

वजनात बसले. पहिल्याच कुस्तीत पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढं अंधारी आली, गादीवर आडवी झाले. दवाखान्यात डॉक्टरीणबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "त्यात लघवीचं औषध असणार. चरबी नाही गं, अंगातलं पाणी गेलंय तुझं." मला सलाईन, आन त्याची लेक राज्याला! तवाच ठरवलं, ह्याच्या नाकावर टिच्चून सत्तावन्नातच खेळायचं.

वर्षभर तालीम सोडून एकटीनं सराव केला. भाकरी, पिठलं, दूध, अंडी, सगळं पोटभर. निवडीला कुस्ती लागली ती त्याच्या लेकीशीच. मी मनाशी पक्कं करूनच गेल्ते, झटक्यात पाडायची न्हाई, बापासमोर घोळसून घोळसून पाडायची.

पहिल्याच पकडीत ती कानात म्हणाली, "ताई, लवकर पाड गं. चक्कर यायलीय. वजन जास्त भरलं म्हणून आबांनी पावडर दिलीय, दोन दिस पाणी न्हाई." ओठ फुटलेले तिचे. आन बाप बाहेरून वरडायलाय, "लढ, लढ!" मेल्या, सोताच्या लेकीलाबी सोडलं न्हाईस?

लगेच पाडली. दंडाला धरून उठवली, बापाच्या पुढून नेली आन माझ्या आईजवळ बसवली. आईनं मीठ-साखरेचं पाणी पाजलं, मग दहीभात चारला. वस्ताद हाका मारायला लागला. ती जागची हालली न्हाई.

आता ती माझ्यासंगं सराव करायलीय. लोक मुद्दाम त्याच्या तालमीत जाऊन विचारतेत, "वस्ताद, लेक दिसत न्हाई?" तो मान खाली घालतोय. मला लय गार वाटतंय, खोटं कशाला बोलू.