म्हशीला पर्याय नाही

जन्मले आणि वाढले कोल्हापुरात, पण त्या गावाचं नाव काही मला घेता येत नसे. शब्दाच्या सुरुवातीला क आला की गळा आवळल्यासारखा व्हायचा. हुपरीहून, आजोळाहून परतताना कंडक्टरनं कुठलं तिकीट म्हणून विचारलं की मी सांगायचे, "शेवटचा स्टॉप." काकूला मी धाकटी आई म्हणे. पोरगी किती लाघवी, असं लोक म्हणत. लाघवी कसली, भेदरलेली होते.

हुपरीचा मामा चांदीची पैंजणं घडवता घडवता विनोद सांगायचा. त्यातला एक असा. डॉक्टर पैलवानाला म्हणतो, दूध बंद करा. पैलवान म्हणतो, "मी करतो की बंद, पर म्हशीला कोण सांगणार?" सगळे हसायचे आणि मी तो विनोद उसवत बसायचे. पैलवानाच्या जागी मास्तर चालेल, डॉक्टरच्या जागी वैद्य चालेल, पण म्हशीला पर्याय नाही. तिला आधी आणली तर मजा गेली, वेळेवर आली नाही तर सांगणाऱ्याची फजिती. सगळी वाट त्या एका शब्दाकडे जाते आणि तो बदलता येत नाही. मी तर शब्द बदलूनच जगत होते. म्हणून विनोद मला आवडायचे आणि त्यांची धास्तीही वाटायची.

एकदा मामाला विचारलं, शेवट तोंडातून निघालाच नाही तर?

"लोकांस्नी ठावा असंल तर त्यास्नीच सांगू द्यायचा. जास्तच हसत्यात."

सत्तर सालच्या आसपास माझं लग्न ठरलं. नवऱ्याचं नाव नेमकं क वरून. माझ्या अडखळण्याबद्दल घरच्यांनी सासरी चकार शब्द काढला नव्हता. अंगाला हळद लागली तरी माझ्या डोक्यात एकच, सासरच्या उंबऱ्यावरचा उखाणा. त्याची बांधणी विनोदासारखीच. आधीचं काहीही बदला, शेवटी नाव यायलाच हवं. उघडं पडलं तर फसवलं म्हणतील, आणि त्यात खोटं तरी काय असेल? जेवण जाईना. मग मामाची युक्ती धरून मी उखाणा रचला.

वरात दाराशी आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप, दारात आडवा हात धरून नणंद, मागे बायकांची ही गर्दी. मी म्हटलं,

"तांबड्या रश्शाला पांढऱ्याची जोड,
तुमच्या तोंडी ज्यांचं नाव गोड, ते..."

आणि हात पसरून थांबले. बायकांनी एका सुरात नाव ठोकलं. हशा पिकला. सुटले, असं वाटून मी पाय उचलला.

नणंदेचा हात तसाच. "आमी घेतलं. आता तू घे की!"

"क..." मी म्हटलं. "क..." पुढं काही नाही. हसू विरलं. घामानं मुंडावळ्या कपाळाला चिकटल्या. मागून कुणीतरी पुटपुटलं, "तोतरी हाय व्हय?" धरणी दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते.

तेवढ्यात शेजारी नवऱ्यानं घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव, दुसऱ्या ओळीत पुन्हा स्वतःचंच.

"आगं बया! ह्यो सवताचंच नाव घेतोय!" बायका पोट धरून हसायला लागल्या. नणंदेचा हात दारावरून सुटून तोंडावर गेला. सगळं हसू त्यांच्यावर, माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही. मी माप ओलांडलं.

चार दिवसांनी, घर जरा निवांत झाल्यावर, मी त्यांना भीत भीत विचारलं, "तुम्हाला माझ्या अडखळण्याबद्दल आधी सांगितलं होतं?"

"न्हाई. बघाय आलतो तवा आईनं इचारलं, शाळा कुठली. तू म्हणालीस, हितलीच. जन्म? हितलाच." ते हसले. "गावाचं नाव घेईना, तवाच वळखलं. ही माझं बी घेणार न्हाई."

आणि तरी होकार त्यांनीच दिला होता. मी पदरात तोंड घालून रडले.