ताम्हनकर बाईंचा माल्टाचा बेत

शनिवार पेठेतल्या मुलींच्या शाळेत वासंती ताम्हनकरांनी तीसेक वर्षं भूगोल शिकवला, आणि सगळा शिकवला तो न बघता. भूमध्य सागराच्या काठी हिवाळ्यात पाऊस पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, हे त्यांनी इतक्या मुलींकडून घोकून घेतलं होतं की लक्ष्मी रोडवर एखादी लेकुरवाळी बाई भेटली की हात जोडून म्हणायची, "बाई, हिवाळ्यात पाऊस." बाई हसायच्या. घरी येऊन कुलूप काढताना मात्र वाटायचं, आयुष्यात आपल्या नावावर जमा झालं ते एवढंच की काय.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला सोडून बाई कधी लोणावळ्यालासुद्धा मुक्कामाला गेल्या नाहीत. २०११ साली आई गेली आणि बाईंच्या लक्षात आलं, की आता कुठंही जायला आडकाठी नाही. आणि उशीर का झाला म्हणून विचारायलाही कुणी नाही. यातली दुसरी गोष्ट त्यांना जास्त लागली.

राहता राहिली उल्का. शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावर मुलाबरोबर विश्रांतवाडीला राहायला गेली, पण दर गुरुवारी बस पकडून मंडईत यायची आणि भाजीच्या पिशवीसकट बाईंकडे चहाला टेकायची. विश्रांतवाडीला काय भाजी मिळत नाही? पण हे कुणी विचारलं नाही, तिच्या घरच्यांनीही नाही.

माल्टाचा बेत अशाच एका गुरुवारी निघाला. भिंतीवरच्या नकाशात इटलीच्या बुटाच्या टोकाशी, सिसिलीच्या खाली बाईंनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "जानेवारीत दोन आठवडे जायचं. गर्दी नसते." मग दर गुरुवारी तेच. उल्काला तर विषय मिळाला. माल्टा झालं की बोटीनं शेजारच्या गोझो बेटावर जायचं. परत आलं की दुसऱ्या बोटीनं सिसिली. पोहे आणि मेतकूट घ्यायचं, कारण तिकडे नुसता पाव. "आणि वासंती, संक्रांत आपली तिकडेच येतेय. हॉटेलवालीला तिळगूळ देऊ, म्हणजे वर्षभर गोड बोलेल."

"आपण तिथं वर्षभर राहणार नाही आहोत."

"म्हणून काय, तिनं गोड बोलू नये?"

मनातले मांडे खायला तिकीट लागत नाही. उल्का ते पोटभर खात होती आणि साडेपाचची बस पकडून घरी जात होती. बाईंचं तसं नव्हतं. गुरुवार संपला की त्यांचे बाकीचे दिवस त्याच मांड्यांवर चालले होते. एरवी दिवसभर घरात शब्द उमटत नसे, आता त्या स्वयंपाक करताना मोठ्यानं बोलत, "उल्काला खिडकीजवळची खाट देऊ, तिला उकडतं." जानेवारीत कुणाला उकडतंय! पण ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. तिसरं कसलं, दुसरंही नव्हतं.

कुमठेकर रस्त्यावरचा एजंट भला माणूस. तो म्हणाला, "मॅडम, बेटांवर लोक उन्हाळ्यात जातात. जानेवारीत तिकडे पाऊस असतो."

"असं का?" बाई म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत."

तो वरमला नाही, कारण त्याला कळलंच नाही. "ऑफ सीझनमुळे स्वस्तात पडेल," तो म्हणाला, "पण बुकिंग रद्द होणार नाही आणि नाव बदलणार नाही. दोघी नक्की ना?"

पुढच्या गुरुवारी उल्का निघाली तेव्हा बाईंनी दारात विचारलं, "मग उद्या सांगून टाकू एजंटाला? दोघी म्हणून?"

उल्काचा एक पाय चपलेत, दुसरा चाचपडत, पिशवीतून मेथी बाहेर डोकावतेय. "येते गं," ती म्हणाली आणि जिना उतरली.

आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, हे ताम्हनकर बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ज्याला जे ऐकायचं असतं ते त्याच्या कानांना आधी ऐकू येतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोघींचं बुकिंग केलं आणि येताना चितळ्यांकडून पाव किलो बर्फी घेतली. एकटीनं खाल्ली, पण त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, "पासपोर्ट आण आता. व्हिसाला द्यायचाय."

"कुणाचा?"

"तुझा, दुसरा कुणाचा?"

उल्का आधी हसली. मग हसायची थांबली. "वासंती, माझ्याकडे कुठला पासपोर्ट?"

"तू येते म्हणालीस."

"अगं, मी निघाले होते ना! निघताना माणूस काय म्हणतं?"

बाईंनी गाळणं बाजूला ठेवलं. कप पुरता भरला नव्हता. "मराठीच्या बाई तुम्ही," त्या म्हणाल्या. "आमचं चुकलं. आम्हाला भूगोलच येतो."

उल्कानं चहा तसाच ठेवला. पुढचा गुरुवार कोरडा गेला आणि त्याच्या पुढचाही. बाई दोन्ही दिवशी दूध जास्त घेऊन बसल्या. फोन करायला हात जाई आणि परत येई. माल्टा गेलं चुलीत, त्यांना वाटे; एका टोमण्यापायी आपण होतं तेवढं माणूसही घालवलं. आणि या वाटण्यात काही खोटं नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी उल्का आली. भाजीची पिशवी रिकामी होती. बसली आणि म्हणाली, "पासपोर्ट काढते मी. तातडीनं निघतो म्हणे. घरी काय ते सांगेन."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. हे त्यांना हवं होतं, अगदी हेच. पण उल्काचा चेहरा शाळेत पर्यवेक्षणाची जादा पाळी आल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"नको," बाई म्हणाल्या. "तुला यायचं नाहीये."

"नाहीये," उल्का म्हणाली. "मला वाटलं आपण नुसतं बोलतोय. तू खरोखर निघशील असं वाटलंच नाही गं. तू तिकडे गेलीस की त्या दोन गुरुवारी मी कुठे जाऊ? घरी सांगते मंडईत जाते म्हणून. तिथं माझ्याशी कोण बोलतं? टीव्ही चालू असतो, सगळे आपापल्या खोलीत. आठवडाभर मी इथं काय बोलायचं तेच मनात जुळवत असते."

बाईंना वाटत आलं होतं की एकटं असणं हा आपला एकटीचा प्रांत आहे. भरल्या घरातून बस पकडून कुणी त्यापायीच आपल्याकडे येतंय, हे त्यांना आजवर दिसलं नव्हतं. त्या उठल्या आणि कपाटातून घराची जास्तीची किल्ली घेऊन आल्या.

"गुरुवारी येऊन बस. चहा तुझा तूच कर, साखर खालच्या फळीवर आहे."

जानेवारीत बाई एकट्या गेल्या. खोलीत दोन खाटा होत्या. खिडकीजवळची त्यांनी तशीच ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून झोपल्या. बंदरावरची निम्मी दुकानं बंद होती. दिवसभरात त्यांच्याशी बोललं ते म्हणजे हॉटेलातली बाई, तेही किल्ली मागायला. अंगावर शाल घेऊन त्या समुद्राकडे बघत बसत आणि इतकं सुंदर काही एकट्यानं बघणं ही शिक्षाच आहे, असं त्यांच्या मनात येई.

गुरुवारी पुण्यात चहाची वेळ झाली तेव्हा त्यांनी मोबाइल काढला आणि स्वतःच्याच घरचा नंबर लावला. आई गेल्यापासून त्या बाहेर असताना त्या घरात फोन वाजला तर तो नुसता वाजायचा. आताही वाजत राहिला. त्या ठेवणारच होत्या, तेवढ्यात कुणीतरी उचलला.

"हॅलो, ताम्हनकरांचं घर. बाई बाहेरगावी गेल्यात. कोण बोलतंय?"

बाईंनी मोबाइल कानाशी घट्ट धरला. आपल्या घरात माणूस आहे, ते आपण कुठे गेलोय ते सांगतंय.

"मीच," त्या म्हणाल्या. "साखर सापडली का?"