नव्या पापडांची परीक्षा

सोनगीरला आमच्या बायकांच्या पापड केंद्रात नवा पदार्थ कोणता काढायचा, कसा करून बघायचा, हे काम माझ्याकडे होतं. वयाने मोठी म्हणून सगळ्या मला अक्का म्हणत. नव्वद सालानंतर केंद्रांच्या संघाने नियम काढला. धुळे-जळगावच्या सगळ्या केंद्रांत हे काम करणाऱ्या बाईला एकच परीक्षा. पास होईल तिला प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असेल तिनेच नवे पदार्थ काढायचे. मी चौथी शिकलेली. पण परीक्षा तोंडी होती, भीती वाटली नाही.

केंद्रातल्या दोघींना बरोबर आणायला सांगितलं होतं. धाकटी जाऊ आणि शेजारीण घेऊन मी जळगावला गेले. नवा पदार्थ किती पिठावर करून बघता, दुसरीला कसा शिकवता, सगळं धडाधड सांगितलं. मग परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "कोणता पदार्थ फसला म्हणून बंद केला?"

"एकही नाही."

त्यांनी जावेकडे पाहिलं.

"अक्कांचं काही बिघडत नाही," ती म्हणाली.

शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. "तू नही सांगशी त म्हैस सांगी का?"

"कोणती म्हैस?" बाई म्हणाल्या.

जाऊ खाली बघत मला म्हणाली, "अक्का, कच्च्या केळीना पापड कोनीच लिधात नही. त्या बठ्ठा म्हैसना पोटमा गयात."

म्हणजे केळीचे पापड कोणी विकत घेतलेच नव्हते, सगळे म्हशीला घातले होते. दोघी दर वेळी मला खपले म्हणून सांगत, आणि माझ्यामागे उडदाचे जास्त लाटून भरपाई करत होत्या. नाचणीचेही तसेच गेले होते.

बाई शांतपणे म्हणाल्या, "फसलेलं तुम्हाला कोणी सांगत नसेल, तर हे प्रमाणपत्र देता येत नाही. ही अट सगळ्यांना सारखीच आहे. सहा महिन्यांनी या."

परतताना एसटीत मी विचारलं, "तोंडावर का नाही सांगितलं?"

"पहिला पापड तुम्ही चाखता," जाऊ म्हणाली. "मोठ्या जावेने छान म्हटल्यावर आम्ही काय बोलायचं?"

आमच्यात मोठीनेच आधी चाखायचं, ही रीत. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढचे पापड मेथीचे केले. तळून ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि हात मागे घेतला. बराच वेळ कोणी हात लावेना. शेवटी जावेने तुकडा मोडला.

"कडू शे," ती म्हणाली.

मला राग आला. पण ते पापड तिथेच बंद केले.