हिवराखालची काळी माती

मी मुळात कमी बोलणारा. देवपुरातल्या माझ्या गच्चीवरचे गुलाब पाहून कुणी खत विचारलं, की नुसता हसायचो. लोकांना तो विनय वाटे. खरं म्हणजे ती चोरी होती.

पिंपळनेरकडे अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, गाव. तिच्या माळावर सगळा मुरूम, मधोमध हिवराचं एकच झाड. त्याचा बारीक पाला, शेंगा पडून कुजतात. दुपारी सावलीत बकऱ्या बसतात, लेंड्या टाकतात. तेवढ्या घेरातली माती काळी, चहाच्या भुकटीसारखी मोकळी. पाणी तिथेच मुरायचं, आणि माळ वाळला तरी झाडाखालचं गवत हिरवं असायचं. उन्हाळ्यात अक्काच्या बकऱ्या त्यावरच तगायच्या.

अक्का बाजाराला गेली, की मी गोणी भरून स्कूटरवर घ्यायचो आणि खरवडलेल्या जागी पाला पसरून द्यायचो. माती जेमतेम वीतभर. मुरूम लागला तरी थांबलो नाही; दुसऱ्या बाजूने खरवडलं.

यंदा हिवराखाली गवतच आलं नाही. दाजींनी निदान केलं, "हाई झाड बठ्ठं पानी पी जास. तोडी टाकूत."

अक्काने हिवराकडे पाहिलं. झाड गेलं तर त्या उघड्या माळावर बकऱ्या बसवायच्या कुठे? दाजी कुऱ्हाडीला धार लावायला बसले. मी समोरच चहा पीत होतो. कप खाली ठेवला.

"दाजी, झाडाचा दोष नाही. माती मी नेली."

"कितली?"

"बठ्ठी. सगळीच्या सगळी."

अक्का ताडकन उठली. "मी बकऱ्यासले शिव्या दिन्यात, आन् चोर मन्हा भाऊच शे! सांगाले काय व्हयनं व्हतं तुले?"

कुंड्या रिकाम्या करून माती परत नेली. झाडाखाली पसरल्यावर ती एवढीशी दिसली. अक्का म्हणाली, "इतलामा काय व्हस? आते दर ऐतवारी ये, आन् बकऱ्या आठेच बसाड."

म्हणून हल्ली रविवारी मी हिवराखाली असतो. बकरीला एका जागी बसवणं हे काम कुणी करून पाहावं! एकीला आणावं, तोवर दुसरी पसार. दाजींनी अबोला धरला होता. परवा मात्र बांधावरून ओरडले, "अरे, ती काबरी बकरी भायेर मुती राहिनी! सावलीमा ढकल तिले!"

मी धावलो.