माझी तीनचाकी चालू करणारा गजानन

गजानन गेला, त्याला आज वर्ष झालं.

आज फोन करू नका. बोलायला लागले की रडू येतं. लिहिताना जरा कमी येतं.

खूप जण विचारायचे, तुमचं जमलं कसं? तू बौद्धाची, तो रिठदच्या शेतकऱ्याच्या घरचा.

बॅटरीमुळे जमलं. खरंच.

मला लहानपणापासून पोलिओ. अनसिंगला एका सेवा केंद्रात कॉम्प्युटरवर बसायचे. घरून बॅटरीच्या तीनचाकीवर जायचे. एकटी.

मग पायाचं ऑपरेशन झालं आणि कित्येक महिने मी खाटेवर. गाडी तशीच ओसरीत उभी.

बरी झाल्यावर चार्जर लावला. काहीच नाही. जिथून घेतली ते म्हणाले, बॅटरी डेड आहे, आणि हे मॉडेल आता बंद झालं.

दादा मला उचलून मोटरसायकलवर बसवायचा. कामावर पुन्हा उचलून उतरवायचा. चौकातले लोक बघायचे. वाईट नजरेने नाही, पण बघायचे.

केंद्राच्या मालकाने दुसरी मुलगी शोधायला घेतली होती.

तेव्हा दादा गजाननला घेऊन आला. स्टँडजवळ त्याचं मोबाईल आणि फवारणी पंप रिपेअरिंगचं दुकान होतं.

सगळे मला पहिला प्रश्न पायाचा विचारतात. त्याने विचारलं, "फुल स्पीडले कशी पळते हे?"

त्याने ओसरीत बसून बॅटरी उघडली. आत अंगठ्याएवढे सेल, एकमेकांना चिकटून. मीटर लावून एकेक तपासला.

"मेली का?" मी विचारलं.

"पार उतरून गेली. इतकी, का चार्जर तिले ओळखतच नाही."

"मग?"

"थोडा थोडा करंट देऊन पाहू. घाई केली का तापते. पेटते बी."

काही सेल तर त्याने चार्जला लावलेच नाहीत. सरळ वाळूच्या बादलीत. "हे लयच खाली गेले. यायचा भरोसा नाही."

बाकीच्यांना अगदी बारीक करंट. चालू ठेवून निघून जायचं नाही, हा त्याचा नियम. म्हणून तो बसून राहायचा. मधूनमधून एकेका सेलला हाताची मागची बाजू लावून बघायचा. गरम लागला की काढून टाकायचा.

आणि आम्ही बोलायचो.

काय बोलायचो? आता आठवायला बसले तर हाती काही लागत नाही. सोयाबीन, सिनेमे, त्याच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं. तो लोकांच्या नकला करायचा. मी इतकी हसायचे की आई आतून डोकावून बघायची.

मग सेल भरले. तो म्हणाला, "आता काही कराचं नाही. ठेवून द्याचे. चार्ज टिकते का उतरते, तेवढं पाहाचं."

काही करायचं नव्हतं. तरी तो रोज यायचा.

आईने मला विचारलं, "बॅटरीले काही कराचं नाही, तं हा काहून येऊन राह्यला?"

मी म्हटलं, "मले काय माहीत."

माहीत होतं.

एक दिवस मी म्हटलं, "गजाननभाऊ, चहा घ्या."

तो कपाकडे बघत म्हणाला, "मले भाऊ नोको म्हणत जाऊ."

एवढंच. हेच त्याचं प्रपोज.

बरेचसे सेल टिकले. गेलेल्यांच्या जागी त्याने जुन्या लॅपटॉपमधले जुळणारे सेल घातले, पॅक बांधला, गाडीला जोडला.

मी बाहेर पडले आणि चौकात थांबलेच नाही. शेतांच्या रस्त्याने सरळ. तो मागून मोटरसायकलवरून ओरडतोय, "ब्रेक पाह्य! आधी ब्रेक पाह्य!"

त्या दिवसाइतकी मोकळी मी कधीच नव्हते.

त्याच्या वडिलांनी आमच्या लग्नाचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरगी चांगली असंन. पण माह्या घरात नाही."

आमचं लग्न विहारात झालं. त्याच्याकडून फक्त मित्र आले. वाशिमला खोली केली. घरमालकाला विचारून त्याने उंबरठा काढला आणि स्वतः सिमेंटचा उतार केला.

दर सणाला तो घरी फोन लावायचा. आई बोलायची. वडील फोनवर यायचे नाहीत. फोन ठेवून तो उगाच पाना घेऊन माझ्या गाडीचे नट आवळत बसायचा. घट्टच असायचे ते.

मग कावीळ झाली. साधी वाटली. अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी खूप केलं.

शेवटी जरा शुद्धीत होता तेव्हा म्हणाला, "बाबाले सांगतलं का?"

सांगितलं होतं. ते निघाले होते. पोचेपर्यंत तो गेला.

त्याला रिठदला नेलं. मागून दादाने मला गाडीसकट टेम्पोतून नेलं. घराला उंच पायऱ्या. मी अंगणातच थांबले. माझ्याशी कोणी बोलेना.

बाबा बाहेर आले. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. मग मागे वळून म्हणाले, "फळ्या आणा रे. सुनेले आत घ्या."

गोठ्यातल्या फळ्या पायऱ्यांवर टाकल्या. पुढून त्यांनी स्वतः गाडी धरली.

सगळं आटोपल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. मग विचारलं,

"तुमच्या इथं काय खाये तो?"

मी सांगितलं, माझ्या आईच्या हातची अंबाडीची भाजी. मागून मागून.

"अंबाडी?" ते म्हणाले. "इथं तं हात नव्हता लावत."

आणि खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावून रडले. मीही.

आता ते कधीमधी वाशिमला येतात. मी त्यांना त्याचं काही ना काही सांगते. तोही त्यांच्याबद्दल असंच सांगायचा मला.

माझं काम चालू आहे. जेवते, झोपते. सगळे सांभाळून घेतात.

श्रद्धांजलीत लिहितात तसे मोठे शब्द मला जमत नाहीत.

गजानन, मले करमत नाही रे.