अक्षरं उडाली तो आठवडा

आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या राजेंद्र नगरात एका घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचं दुकान होतं. ते चालवणारे काका पूर्वी मिलच्या ऑफिसात टायपिस्ट होते आणि माझे बाबा त्याच मिलमध्ये लूम खात्यात फिटर. मिल बंद झाली तेव्हा काकांनी कॉम्प्युटर घेतला. बाबांनी पिशवीत अवजारं घातली आणि ते घरोघरी जाऊन शिलाई मशीन दुरुस्त करायला लागले. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दुपारी काकांच्या दुकानात टायपिंगला मदत करायची आणि त्या बदल्यात त्यांच्या कॉम्प्युटरवर माझा प्रोजेक्ट करायचा, असं ठरलं होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये रोज अर्धा तासच मिळायचा, आणि दुसरा कॉम्प्युटर मला कुठे मिळणार नव्हता.

त्या वर्षी काकांना समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेचं काम मिळालं होतं. साडेतीनशे स्थळं. काकू आणि मी दोन महिने टाइप करत होतो. टाइप झालेले फॉर्म समाजाच्या ऑफिसात परत गेले होते. मेळावा दहा दिवसांवर होता.

दुकानातलं मराठी एका सॉफ्टवेअरवर चालायचं. ते विकत घेतलं तर सोबत अंगठ्याएवढं एक लॉक मिळतं, कॉम्प्युटरच्या मागे लावायचं. ते नसेल तर मराठी अक्षर उमटत नाही. आमच्याकडे लॉक नव्हतं. लॉक तोडलेली कॉपी होती, बाजारातून आणलेल्या सीडीवरची. थोडक्यात, आमचं मराठी चोरीचं होतं. तेव्हा बऱ्याच दुकानांतलं तसंच असावं, मला नक्की सांगता येणार नाही.

मला हे टोचायचं, कारण कॉलेजच्या लॅबमध्ये कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर मी कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर पाहिलं होतं. फुकट, आणि आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, बदलावं, पुढे द्यावं असं. मला ते फार पटलं होतं, आणि मी काकांना दोनदा सुचवलंही होतं.

"त्याला मराठी येतं का?" काकांनी विचारलं.

"अजून नीट नाही येत."

"मग पुस्तिका काय इंग्रजीत छापू? सगळी स्थळं लंडनची वाटतील."

त्यांचं चूक नव्हतं.

एका सोमवारी काका बाजारातून घाईघाईने परत आले आणि आल्या आल्या त्यांनी दुकानाची पाटी आत घेतली. दिल्लीहून माणसं आली आहेत, सोबत पोलीस आहेत, कॉपीचं सॉफ्टवेअर सापडलं की कॉम्प्युटर उचलून नेतात, असं बाजारात चाललं होतं. कुणी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. पण घाबरायला तेवढं पुरे होतं.

"सगळं काढून टाक," काका मला म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

मी काढलं. सॉफ्टवेअर काढलं, त्याचे फॉन्ट काढले, रिकामं झालं का ते दोनदा पाहिलं. काकूंनी सीडीचे कात्रीने चार तुकडे केले. बाहेर जीप थांबल्यासारखी वाटली की आम्ही तिघंही बोलायचे थांबायचो. पुस्तिकेच्या फाइलींना मी हात लावला नव्हता. अक्षरं फाइलीत असतात असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरच्या खुणा. सगळी पानं तशीच. तेव्हा मला कळलं की फाइलीत मराठी कधी नव्हतंच. तिथे खुणा होत्या, आणि कुठली खूण म्हणजे 'क' हे फक्त त्या सॉफ्टवेअरला ठाऊक होतं. आम्ही दोन महिने आपली भाषा लिहीत होतो आणि ती वाचायची किल्ली दुसऱ्याकडे होती.

काकूंनी पडद्याकडे पाहिलं आणि खाली बसल्या. काका मला म्हणाले, "तू तर कॉलेजात हेच शिकतेस ना?"

तेवढंच म्हणाले.

आधी मी दुसरी कॉपी शोधायला निघाले. सवारी टेंपोने शहरभर फिरले, सहा दुकानं झाली. सगळीकडे एकच उत्तर. एक जण तर ओळख असून म्हणाला, "कौन सा सॉफ्टवेअर, दीदी? हमारे यहाँ तो सब हाथ से लिखते हैं." त्याच्या मागे तीन कॉम्प्युटर चालू होते. समाजाच्या ऑफिसातून फॉर्म परत मागायचे तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं की काकांना समाजात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

उरली कॉलेजची लॅब. लिनक्स वापरणाऱ्यांची एक मेलिंग लिस्ट होती. आपण एक पत्र लिहायचं, ते शेकडो लोकांना जायचं, आणि कायम साठून राहायचं. मी सहा महिने ती नुसती वाचत होते, विचारलं कधीच काही नव्हतं. मला इंग्रजी लिहायची भीती वाटायची. आता तर त्या इंग्रजीत चोरी कबूल करायची होती, तीही पोलीस वाचू शकतील अशा ठिकाणी. मी पत्र तीनदा लिहिलं, दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा माझं पूर्ण नाव काढून टाकलं आणि पाठवलं. रात्रभर वाटत राहिलं की पाठवलेलं परत घेता आलं पाहिजे.

सकाळी पहिलं उत्तर होतं: चोरीचा माल बिघडला तर त्याची तक्रार इथे आणू नये. शेजारी बसलेल्या मुलाने स्क्रीनवर पाहिलं असेल का, म्हणून मी ती विंडो लहान केली.

दुसरं उत्तर दक्षिणेतल्या एका माणसाचं होतं. त्याने तमिळसाठी असाच एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, तो त्याने सोबत पाठवला होता. कचऱ्यातली एकेक खूण घ्यायची आणि तिच्या जागी एका फुकट फॉन्टमधलं खरं अक्षर ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पण कुठली खूण म्हणजे कुठलं अक्षर, हा तक्ता मलाच करावा लागणार होता, कारण त्याला मराठी येत नव्हतं. त्याने विचारलं होतं, शब्दन्‌शब्द पाठ असलेला एखादा मजकूर या फाइलींत आहे का? आणि शेवटी लिहिलं होतं: तक्ता झाला की तो लिस्टवर ठेव, म्हणजे पुढच्याला रडावं लागणार नाही. मी उत्तरात लिहिलं, ठेवीन.

पाठ असलेला मजकूर होता. त्या साडेतीनशे स्थळांत एक माझं होतं.

फॉर्म मीच भरला होता. खुणांच्या ढिगाऱ्यात आकडे तेवढे शाबूत होते, त्यामुळे जन्मतारखेवरून मी माझी नोंद शोधून काढली आणि एकेक अक्षर जुळवायला लागले. नाव जुळलं. शिक्षण जुळलं. 'रंग सावळा', 'उंची', सगळं जुळलं. मग आली वडिलांची ओळ. मी लिहिलं होतं, 'मिल कामगार'. त्यातले म, ल, क मला आधीच्या ओळींमधून माहीत झाले होते. पण इथे ती अक्षरं नव्हतीच. ओळ लांबही जास्त होती. म्हणजे माझा तक्ताच चुकला, सगळं पहिल्यापासून चुकलं, असं वाटून मी पाणी प्यायला उठले आणि पाणी न पिताच परत येऊन बसले. मग जी अक्षरं ठाऊक होती ती कागदावर मांडली. स. व. त. पुन्हा व. हळूहळू ओळ वाचता आली: 'स्वतःचा व्यवसाय'.

घरी गेले तेव्हा बाबा एका मशीनचा खालचा भाग उघडून बसले होते.

"बाबा, तुम्ही काकूंना सांगून माझा फॉर्म बदलला का?"

"बदलला नाही. सुधारला."

"मिल कामगार खोटं होतं का?"

"खरं होतं. पण कौन सी मिल, बेटा? समोरचे पहिलं तेच विचारतात." त्यांनी ओठांत धरलेला स्क्रू काढला. "आणि व्यवसाय खोटा आहे का? पिशवी घेऊन निघतो तो काय पिकनिकला?"

मला वाटायचं, घरात घाबरणारी मी एकटीच आहे. त्यांनाही भीती वाटते हे कळलं तेव्हा धीर आला नाही, मी आणखीच घाबरले.

ती ओळ सुटल्यावर बाकीचं तीन दिवसांत सुटलं. जोडाक्षरांनी फार छळलं. काकूंना ज्या नोंदी आठवत होत्या त्या त्यांनी सांगितल्या. मेळाव्याच्या चार दिवस आधी पुस्तिका छापायला गेली. काकूंनी मला शिरा करून घातला. काका फोनवर कुणाला तरी सांगत होते, "हमारे पास इलाज है, भिया. फाइल लेके आ जाओ."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "शहरात सगळ्यांनी घाबरून हेच केलंय. सगळ्यांकडे हाच कचरा आहे. औषध फक्त आपल्याकडे."

"काका, तो तक्ता मला लिस्टवर ठेवायचा आहे. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"ज्याने प्रोग्राम पाठवला त्याला."

"त्याचं तोंड पाहिलंयस का कधी?"

"नाही."

"मग शब्द कसला? आणि तक्ता तर तू केलास. माझ्या मशीनवर." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मिल गेली तेव्हा कुणी येऊन आपल्याला काही दिलं होतं का? पहिल्यांदा हातात काहीतरी आलंय. पाठवायचा नाही."

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मी काम करताना गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसतो, बरोबर?"

"हो."

"का?"

"त्यांना दिसू नये म्हणून."

"दिसलं तर पुढच्या वेळी बोलावतील का?"

"मग पाठवू नको?"

बाबांनी मशीनचा पट्टा ताणून पाहिला. "मी नसतं पाठवलं," ते म्हणाले. "पण मलाही कुणी कधी काही पाठवलं नाही."

मी पाठवलं नाही. मेळावा झाला. काकांकडे दुसऱ्या दुकानांच्या फाइली येऊ लागल्या आणि मीच त्या सुधारून देत होते. मला बरंही वाटत होतं, हे लपवत नाही. भीतीही होती, एक नाही, पुष्कळ. कंपनीच्या खुणांचा तक्ता करणं हाच गुन्हा असला तर? आम्ही कॉपी वापरली ते चूकच होतं. कुणीतरी बसून ती अक्षरं रेखाटली होती, त्याचं पोट त्यावर होतं. पण आम्ही टाइप केलेली स्थळं तर आमची होती ना? ती आम्हालाच वाचता येऊ नयेत, हे कुठल्या हिशेबात बसतं? याचं उत्तर मला कुणाला विचारायचंही धैर्य नव्हतं. आणि सगळ्यांत मोठी भीती साधी होती: काकांनी कॉम्प्युटर बंद केला तर माझा प्रोजेक्ट होणार नाही आणि मी नापास होईन.

मग लिस्टवर एका माणसाचं पत्र आलं. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी तो वाचनालय सांभाळायचा. पुस्तकांची सगळी यादी त्याच सॉफ्टवेअरमध्ये होती, आणि कॉम्प्युटर बदलल्यावर तिचा कचरा झाला होता. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच होतं, भीतभीत लिहिलेलं. त्याला उत्तर कुणीच दिलं नाही, कारण उत्तर फक्त माझ्याकडे होतं. मी दोन दिवस रोज लॅबमध्ये जाऊन ते पत्र वाचत होते आणि बंद करत होते.

तिसऱ्या दिवशी मी तक्ता पाठवला. या वेळी खाली पूर्ण नाव लिहिलं. घाईत नावातलं एक अक्षर दोनदा उमटलं, आणि ते तसंच गेलं.

आठवड्याने वाचनालयवाल्याचं उत्तर आलं. यादी वाचता आली होती. सोबत त्याने एक दुरुस्तीही कळवली होती: माझ्या तक्त्यात 'द्य' आणि 'ज्ञ' उलटे पडले होते. मी आमची छापलेली पुस्तिका उघडली. पदवीच्या रकान्यात जागोजागी 'विज्ञापीठ' होतं. मेळाव्यात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असेल आणि लोक हसून पुढे गेले असतील. पण राहिलेल्या स्थळांची समाजाची पुरवणी त्याच तक्त्यावरून अजून छापायची होती आणि ती अशीच गेली असती.

ही चूक सांगायची तर कुणी दाखवली तेही सांगावं लागणार होतं. मी दुकानात जाऊन उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काकूंनी हातातलं काम ठेवलं.

काकांनी पुस्तिका घेतली, चष्मा लावून तीन-चार पानं पाहिली. "सगळ्यांना मिळाला म्हणजे तक्ता?"

"हो, काका."

"बाजारवाल्यांना?"

"त्यांनी शोधला तर मिळेल."

ते पानं उलटत राहिले. उद्यापासून येऊ नकोस म्हणतील या भीतीने मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून उभी होते. ते म्हणाले, "पुरवणी दुरुस्त कर. तुझी परीक्षा होईपर्यंत ये."

दुसऱ्या दिवशी गेले तर कॉम्प्युटरला पासवर्ड लागला होता. तो त्यांनी मला सांगितला नाही. रोज मी आले की ते जागेवरून उठून यायचे, टाइप करायला वाकायचे, आणि तेवढा वेळ मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे.